हॉट डॉग रोलर: गेम नाइटला यजमानालाही खेळू देणारं मशीन

अमेरिकेत सुपर बोलच्या (तिथल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) रविवारी किंवा पत्ते, बोर्ड गेम्सच्या रात्री ज्याच्या घरी मंडळी जमतात तो बिचारा निम्मा वेळ किचनमध्येच असतो. पेट्रोल पंपावरच्या किंवा सेव्हन-इलेव्हनसारख्या दुकानांत काउंटरवर दिसतो तो हॉट डॉग रोलर, म्हणजे पावात घालून खायचे सॉसेज फिरवत गरम करणारं मशीन, आता छोट्या साइझमध्ये घरासाठीही मिळतो, आणि मला तो मनापासून आवडतो, कारण साध्या रचनेत त्यात बरंच फिजिक्स भरलंय.

स्टीलच्या पोकळ नळ्या, आत हीटिंग एलिमेंट, टोकाला दातेरी चाकं आणि ती फिरवणारी चेन, बस एवढंच. गंमत फिरण्याच्या दिशेत आहे. रसवंतीच्या चरकात शेजारशेजारचे रोलर उलटसुलट फिरतात म्हणून ऊस आत ओढला जातो, इथे मात्र सगळ्या नळ्या एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे एक नळी सॉसेजला वर ढकलते तेव्हा दुसरी खाली ओढते आणि ते दोन नळ्यांमधल्या खाचेतून न हलता जागच्या जागी उलट्या दिशेने फिरत राहतं. सात नळ्या असतील तर खाचा सहाच.

नळी आणि सॉसेज दोन्ही गोल, म्हणजे एका वेळी एक बारीक रेघच टेकते. तेवढ्यातून उष्णता आत जाते आणि पुढच्या क्षणी ती बाजू वर येते, म्हणून एक बाजू काळी नि दुसरी पांढरी असं होत नाही, सुटलेली चरबीही सालीवर परत परत पसरते. साधारण १४० डिग्री सेल्सिअसच्या पुढे साखर आणि प्रोटीनची मेलार्ड रिअ‍ॅक्शन जोर धरते, खमंग वास नि तपकिरी रंग तिचाच, पण त्यासाठी आधी वरचं पाणी उडावं लागतं, ओलं आहे तोवर तापमान शंभराच्या फार पुढे जात नाही.

एकाच जागी जास्त तापलं तर आत वाफ कोंडते आणि सॉसेज फुटतं, आणि फुटतं ते जवळपास नेहमी लांबीत! नळीच्या आकारात आतून दाब आला की गोलाईच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेपेक्षा दुप्पट असतो, म्हणून चीर उभी जाते.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. पाकिटातले हॉट डॉग आधीच शिजवलेले असतात, पण लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, गर्भवती बायका आणि म्हाताऱ्या माणसांना तो फार घातक. म्हणून आधी फुल हीटवर आतपर्यंत ७४ डिग्री (१६५ फॅरनहाइट) येऊ द्या, मगच वॉर्मवर, म्हणजे नुसतं गरम ठेवायच्या सेटिंगवर टाका, आणि तिथेही ६० च्या खाली उतरू देऊ नका, कारण ४ ते ६० डिग्रीच्या मध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात. थंडगार हॉट डॉग थेट वॉर्मवर ठेवून खेळायला बसणं म्हणजे त्यांना आयतं आमंत्रण. रंगावर जाऊ नका, तो गुलाबी रंग मांस टिकवायला घातलेल्या नायट्राइटमुळे असतो, शिजलं तरी तसाच राहतो. थर्मामीटरची सुई टोकाकडून लांबीत, मधोमध घाला.

नेहमीच्या जाडीला पंधरा-वीस मिनिटं धरा, पण जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट लागतो, कारण उष्णतेला मध्यापर्यंत पोचायचा वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणून जाड ब्राटवुर्स्ट (जर्मन सॉसेज), त्यातही कच्चं असेल तर, तयार हॉट डॉगच्या शेजारी लावूच नका. शाकाहारी मंडळींसाठी व्हेज सॉसेज चालतात, चरबी कमी म्हणून थोडं तेल चोळायचं, आणि त्यांची वेगळी फेरी धुतलेल्या नळ्यांवर सगळ्यांच्या आधी लावायची.

पाव मात्र रोलरवर ठेवू नका, कोरड्या आचेने कडक होतो. फ्रिजमध्येही नको, तिथल्या थंडीत पावातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा लागतो. ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून वाढायच्या वेळी मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद, पुरे.