दर महिन्याची डागडुजी : एका लिस्प कंपायलरची पार्श्वभूमी

परभणीच्या आमच्या महाविद्यालयात गणिताच्या प्रॅक्टिकलला आम्ही मॅक्सिमा वापरतो. इंटिग्रेशन, मॅट्रिक्स, समीकरणं, सगळं त्यावर होतं. मॅक्सिमा लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं आहे आणि आमच्या लॅबमध्ये ते एसबीसीएल नावाच्या कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालतं. तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा त्या कंपायलरच्या बदलांची यादी वाचत बसला होता. पानंच्या पानं ‘बग फिक्स’, ‘बग फिक्स’. त्यानं विचारलं, “सर, दर महिन्याला एवढ्या चुका निघतात, म्हणजे हे अजून कच्चंच आहे का?” तेव्हा तास संपत आला होता, म्हणून थोडक्यात सांगितलं. पण त्याच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

लिस्पची सुरुवात १९५८ ची, एमआयटीत, जॉन मॅकार्थी यांच्या हातून. आपल्याकडे औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं तेही त्याच वर्षी. मॅकार्थींनी कागदावर मांडलेलं, लिस्पचा प्रोग्रॅम वाचून त्याचं उत्तर काढणारं ‘इव्हॅल’ हे फंक्शन स्टीव्ह रसेल यांनी आयबीएम ७०४ या मशीनवर प्रत्यक्ष उतरवलं. १९६२ मध्ये टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला. इंटरप्रिटरवर, म्हणजे रूपांतर न करता प्रोग्रॅम थेट चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवून त्यांनी तो त्याच्याच हातून कंपाइल करून घेतला. हा प्रसंग मी वर्गात दरवर्षी सांगतो, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज त्यातच आहे.

पुढे लिस्पच्या इतक्या बोली झाल्या की एकीकडचा प्रोग्रॅम दुसरीकडे चालेना. त्यांना एकत्र आणायला कॉमन लिस्प आलं. त्याचं वर्णन १९८४ मध्ये छापून आलं आणि अमेरिकेच्या मानक संस्थेचं शिक्कामोर्तब १९९४ मध्ये झालं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही १९९४ चंच. एसबीसीएलचा पूर्वज या काळात कार्नेगी मेलन विद्यापीठात वाढत होता. तिथल्या स्पाइस लिस्पमधून सीएमयूसीएल तयार झालं. त्याच्या कंपायलरचं नाव पायथन. आज मुलं शिकतात त्या पायथन भाषेशी त्याचा काही संबंध नाही.

सीएमयूसीएल उत्तम होतं, पण ते नव्यानं बांधायचं तर आधीचं चालू सीएमयूसीएलच लागे. दह्याचं विरजण लागतं तसं. आजचं दही कालच्या विरजणावर, कालचं परवाच्या. विरजणात काही बिघडलं तर ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातं, आणि दोष नेमका कुठून आला हे सापडत नाही. सिस्टिमच्या मुळातला एखादा भाग बदलायचा तर चालू प्रतीला आतून जपून ठिगळं लावत जायचं, एवढाच मार्ग. जाणकार चार माणसं सोडली तर त्यात हात घालायची कुणाची हिंमत होत नसे.

विल्यम न्यूमन यांनी डिसेंबर १९९९ मध्ये यातून वेगळी वाट काढली. त्यांनी सीएमयूसीएलची नवी शाखा सुरू केली आणि बांधणीची पद्धतच बदलली. आधी दुसऱ्या कुठल्याही चांगल्या कॉमन लिस्पवर कंपायलर उभा करायचा, मग त्या कंपायलरनं पूर्ण सिस्टिम मूळ मजकुरापासून (सोर्स कोडपासून) बांधायची. शेजाऱ्याचं विरजण चालायला लागलं! कार्नेगींचा पैसा पोलादातला आणि मेलन यांचा बँकेतला, म्हणून शाखेचं नाव ठेवलं स्टील बँक कॉमन लिस्प. माझ्या मते एसबीसीएलच्या इतिहासात याहून मोठी सुधारणा झालेली नाही. कंपायलर एका सेकंदानंही वेगवान झाला नाही, पण दूरच्या कुणालाही मूळ मजकूर उतरवून, बदल करून, अख्खी सिस्टिम पुन्हा बांधून पाहता येऊ लागली. दुरुस्त्यांची यादी लांबली ती या मोकळिकीमुळे.

तेव्हापासून साधारण दर महिन्याला नवी आवृत्ती निघते. महिनाअखेर जवळ आली की काही दिवस नवे बदल थांबवतात, फक्त तपासणी चालते, आणि मग आवृत्ती बाहेर पडते. १.० आली नोव्हेंबर २००६ मध्ये, २.०.० आली डिसेंबर २०१९ मध्ये, शाखेला वीस वर्षं झाली तेव्हा. त्यानंतर मधला आकडा वर्षाबरोबर सरकत आलाय, २.४ च्या मालिकेतल्या आवृत्त्या २०२४ मधल्या.

आता त्या चुकांकडे वळू. कंपायलर कोणत्या व्हेरिएबलची किंमत कुठून कुठपर्यंत असू शकते याचा अंदाज बांधतो. किंमत ० ते २५५ मध्येच राहणार असं ठरलं, तर मोठ्या संख्येसाठीची तपासणी तो गाळतो आणि प्रोग्रॅम वेगवान होतो. अंदाज एका अंकानं जरी चुकला तरी प्रोग्रॅम थांबत नाही. तो शांतपणे चुकीचं उत्तर देतो. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही, म्हणून ही चूक सगळ्यांत वाईट.

या चुका शोधण्यात पॉल डिट्झ यांचं ऋण मोठं आहे. त्यांच्या कामाची जागा होती जीसीएल हा दुसरा कंपायलर. तो विल्यम शेल्टर यांनी सांभाळला होता, आणि मॅक्सिमाही त्यांनीच जपलं. एमआयटीत १९६८ मध्ये मॅकसिमा (Macsyma) या नावानं सुरू झालेल्या प्रणालीची एक प्रत शेल्टर १९८२ पासून एकहाती दुरुस्त करत होते. १९९८ मध्ये त्यांनी ती सर्वांसाठी खुली करण्याची परवानगी मिळवली आणि २००१ मध्ये ते गेले. ती परवानगी मिळाली नसती तर आमच्या लॅबमध्ये आज मॅक्सिमा नसतं. डिट्झ यांनी जीसीएलसाठी मानकाच्या कलमांवर बेतलेल्या २०,०००हून अधिक चाचण्या लिहिल्या, आणि बाकीच्या कॉमन लिस्पवाल्यांनीही त्या वापरल्या. शिवाय त्यांनी एक यंत्रणा केली. ती पूर्णांकांची वेडीवाकडी फंक्शनं आपोआप तयार करायची, तेच फंक्शन एकदा पूर्ण ऑप्टिमाइझ करून आणि एकदा तसंच चालवायची आणि उत्तरं ताडून पाहायची. उत्तरं जुळली नाहीत तर चूक पकडली गेली. मग ते फंक्शन छाटत छाटत चार ओळींवर आणायचं. अशी चार ओळींची चूक हातात आली की दुरुस्त करणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं. म्हणून मी त्या मुलाला म्हणालो, यादी लांब आहे, कारण कुणीतरी कसून शोधतंय.

आपल्या भाषेला थेट भिडणारी सुधारणा २००४ च्या अखेरीस आली, युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीची. तेव्हापासून फंक्शनला देवनागरीत नाव देता येतं. पण मराठीत एक अडचण उरली, ‘ऱ’ ची. वाऱ्याचा, दऱ्या, शेजारी नव्हे पण शेजाऱ्याचा. हे अक्षर कुणी एका कळीनं टाइप करतं, कुणी ‘र’ खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. २०१४ च्या सुमारास एसबीसीएल नावं वाचतानाच अशी रूपं एकसारखी करू लागलं. त्यामुळे दोन्ही पद्धतींनी लिहिलेलं ‘वाऱ्याचा-वेग’ आता एकच नाव ठरतं. अवतरणचिन्हांतला मजकूर मात्र ते जसाच्या तसा ठेवतं. तो जुळवायचा तर आधी आपणच सामान्यीकरण, म्हणजे रूपं एकसारखी, करून घ्यायचं.

तिसरी पद्धतही आहे : ‘र’ ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह. युनिकोडच्या नियमांत हे रूप पहिल्या दोघांत मिसळत नाही, म्हणून कंपायलरही ते वेगळंच मानतो. त्याच मुलानं गावच्या हवामानाच्या नोंदींसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एक नाव जुन्या फाइलमधून उचललं होतं. नाव ठाऊक नाही, असा एरर दोन तास येत राहिला. अक्षरांचे क्रमांक छापून पाहिले तेव्हा ते जोडचिन्ह दिसलं. आता आमच्या लॅबच्या फळ्यावर लिहून ठेवलंय : ‘ऱ’ एकाच कळीनं टाइप करावा.