एच/टी की ए/टी? एकाच मापाचे दोन टायर आणि साताऱ्याचे रस्ते

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातल्या दोन गाड्यांचे टायर एकाच महिन्यात संपले. दाजींची एक्सयूव्ही ५०० आणि दादाची स्कॉर्पिओ. दोन्हींचं माप एकच, २३५/६५ आर१७. दाजी म्हणाले, "माप सारखंच आहे, तर दहाचे दहा एकदम घेऊ. भाव तरी सुटेल." आणि दोघांनाही ए/टीच हवा होता. का, तर "त्यात सगळंच येतं."

इथेच बहुतेकांची गफलत होते. ए/टी म्हणजे ऑल टेरेन, एच/टी म्हणजे हायवे टेरेन. नावं ऐकली की वाटतं, एच/टी फक्त हायवेवर चालतो आणि ए/टी हायवेसकट सगळीकडे, म्हणजे ए/टी हा एच/टीच्या वरचा माल. तसं नाही. ए/टी ही तडजोड आहे. चिखलात आणि दगडधोंड्यांत जे मिळवायचं, त्याची किंमत तो डांबरावर मोजतो. ती किंमत दाजींना परवडणारी नव्हती. दादाला मात्र ती मोजायलाच हवी होती.

दाजी सातारा शहरात राहतात आणि रोज शिरवळला कामाला जातात. पुणे-बेंगळुरू महामार्ग, खंबाटकी, परत तोच रस्ता. दादाचं घर बामणोलीच्या अलीकडे, कासचा रस्ता सोडून खाली शिवसागर जलाशयाच्या अंगाला. डांबर संपतं तिथून अडीच किलोमीटर लाल माती, जांभ्याचे दगड आणि दोन ओढे. पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे राबडी.

दुकानात दोन्ही टायर शेजारी उभे केले की फरक डोळ्यांना दिसतो. एच/टीवर मधून तीन-चार सरळ चर पूर्ण वर्तुळात फिरलेले असतात आणि मधल्या पट्ट्या जवळजवळ सलग असतात. त्या पट्ट्यांवर ब्लेडनं मारल्यासारखे बारीक काप असतात. ए/टीवर पट्ट्या नसतात, सुटे सुटे ठोकळे असतात. त्यांच्यातली फट बोट जाईल एवढी, नक्षी जास्त खोल, आणि कडेचे ठोकळे टायरच्या बाजूवरही थोडे उतरलेले. नुसत्या नावावर मात्र जाऊ नका. अपोलोच्या अप्टेरात, योकोहामाच्या जिओलँडरमध्ये, ब्रिजस्टोनच्या ड्यूलरमध्ये एच/टी आणि ए/टी दोन्ही मिळतात. बिलावर फक्त 'जिओलँडर' लिहिलं असेल तर तुम्ही काय घेतलंत ते त्यावरून कळत नाही. टायरच्या बाजूवर कोरलेली अक्षरं स्वतः वाचायची.

आता मुद्द्याचं. गाडी रस्त्याला धरून असते ती चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढ्या रबरावर. एच/टीत त्या तळहातात रबर जास्त आणि फट कमी. बारीक कापांच्या कडा ओल्या डांबरावरचा पाण्याचा पातळ थर पुसून काढतात, आणि रबराचं मिश्रणही डांबरावर चिकटून राहील असं केलेलं असतं. ए/टीत फट जास्त, म्हणजे टेकणारं रबर तेवढंच कमी. दगडांनी तुकडे उडू नयेत म्हणून मिश्रण साधारणपणे कणखर ठेवलेलं असतं, आणि जोरात ब्रेक दाबला की उंच ठोकळे किंचित वाकतात. म्हणून ओल्या डांबरावर त्याच दर्जाचा एच/टी बहुतेक वेळा ए/टीच्या आधी थांबतो. साचलेल्या पाण्यातून जाताना ए/टीच्या रुंद फटी पाणी बाहेर टाकायला मदत करतात, हे खरं. पण घाटाच्या उतारावर पाणी साचत नाही, वाहतं. तिथे गरज असते ती पकडीची.

हे मी अनुभवावरून बोलतोय. काही वर्षांपूर्वी मीच हौसेनं ए/टी चढवले होते. थारसारख्या गाडीखाली दिसतात तसे रांगडे दिसायचे. जुलैत मेढ्याहून परत येताना एका उतारावर पुढे म्हैस आली. ब्रेक दाबला, गाडी सरळच राहिली, पण मी ठरवलं होतं तिथे थांबली नाही, त्याच्या पुढे जाऊन थांबली. म्हैस वाचली, आम्हीही वाचलो. मागच्या सीटवर आई होती. त्या दिवसापासून कुणी टायरबद्दल विचारलं की मी दिसण्याचा विषय आधी बाजूला ठेवतो.

साताऱ्यात हा प्रश्न इतका अडचणीचा होतो, कारण एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. पण पाऊस जास्त म्हणून ए/टी, हा हिशेब चुकीचा आहे. महाबळेश्वरला पसरणीच्या किंवा केळघरच्या घाटानं जाणारा माणूस वरपर्यंत डांबरावरच असतो, फक्त ओल्या डांबरावर. त्याला चांगला एच/टी हवा, आणि नक्षी शिल्लक असलेला हवा. उलट माणमध्ये पाऊस कमी, पण ज्याची वाट रोज मुरमातून आणि खडीतून मळ्याकडे जाते त्याला ए/टीचा उपयोग आहे. पाऊस किती पडतो यापेक्षा चाकाखाली काय आहे ते पाहायचं.

चिखलात ए/टी का चालतो? एच/टीचे अरुंद चर लाल मातीनं दोन फेऱ्यांत भरतात. मग नक्षी उरतच नाही, चिखलावर चिखल घासत राहतो. ए/टीच्या रुंद फटीतली माती चाक फिरताना बाहेर फेकली जाते आणि ठोकळ्याची कड पुन्हा जमिनीत रुतते. शिवाय बऱ्याच ए/टींची बाजू जास्त मजबूत असते. जांभ्याची धारदार कड टायरच्या बाजूला लागली तर तिथला काप पंक्चरवाल्यालाही जोडता येत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. दादानं जुने दोन एच/टी असेच घालवले होते. त्याच्यासाठी एवढं एक कारणही पुरेसं होतं.

मर्यादाही सांगायला हव्यात. कृष्णाकाठची काळी माती ओली झाली की ती ए/टीच्या फटीतही थापून बसते. तिथे टायर बदलून फार फरक पडत नाही, पावसात गाडी बांधावर लावून चालत जाणंच बरं. आणि ए/टी चढवला म्हणून दोनच चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी, होत नाही. एक कळकळीची विनंतीही करतो: ए/टी चढवले म्हणून गाडी कासच्या सड्यावर घालू नका. २०१२ साली जागतिक वारशात गेलेलं ते पठार आहे. जांभ्यावरच्या बोटभर मातीत ती फुलं येतात, आणि चाकाच्या एका फेरीत ती माती उखडते.

रोजच्या वापरात ए/टी आवाज करतो. ऐंशीच्या पुढे गेलं की घूं-घूं सुरू होते आणि नक्षी झिजेल तशी ती वाढते. टायर जड आणि ओढायला अवघड, म्हणून डिझेलही थोडं जास्त लागतं. दाजींसारख्या रोज हायवेवर असणाऱ्याला हे वर्षभर सोसावं लागलं असतं, आणि बदल्यात काय, तर वर्षातून दोनदा दादाच्या घरी जाताना चिखलाची धास्ती नाही. तेव्हा गाडी वर डांबरावर लावावी, दादा खाली घेऊन जाईल.

आता मापाबद्दल, कारण ए/टी घेताना माप वाढवायचा मोह हमखास होतो. २३५/६५ आर१७ मध्ये २३५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १७ म्हणजे इंचातली रिम. पूर्ण टायरचा व्यास साधारण ७३७ मिलिमीटर भरतो. दादाच्या मनात २४५/७० आर१७ होता. त्याचा व्यास ७७५ च्या आसपास, म्हणजे पाच टक्के जास्त. त्यानं गाडी जेमतेम दोन सेंटिमीटर उचलली जाते, पण स्पीडोमीटर शंभर दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात १०५ नं पळत असते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाक आत घासण्याची भीती वेगळीच. ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर जे माप आहे तेच घ्यावं, असं मी दादाला सांगितलं. त्यानं ऐकलं.

मापापुढे १०४ एच असं काहीतरी असतं. १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो भार चालतो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. ए/टीत शेवटी टी किंवा एस दिसू शकतं, म्हणजे १९० किंवा १८०. त्या वेगानं घाटात कुणी जाणार नाही, तरी गाडीच्या पुस्तकात काय म्हटलंय ते बघून घ्यावं. भाराचा आकडा मात्र मूळ आकड्यापेक्षा कमी चालणार नाही. बाजूवर चार अंकी तारीखही असते: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला माल 'नवीन' म्हणून घेऊ नका, निदान भाव तरी पाडून घ्या.

जुना टायर कधी बदलायचा यावर कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर नक्षीची आहे. चरांच्या तळाशी त्याची खूण म्हणून छोटे उंचवटे असतात. पण घाटात राहणाऱ्यानं तिथपर्यंत थांबू नये. तीनपर्यंत आली की बदला, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी बदला.

दादानं आधी दोनच ए/टी घ्यायचं म्हटलं होतं, फक्त मागच्या चाकांना, कारण गाडी मागून ढकलते. मी नको म्हटलं. पुढे एक पकड, मागे दुसरी, आणि ओल्या वळणावर गाडी कुठे जाईल ते सांगता येत नाही. चारही एकाच जातीचे हवेत. पैशाअभावी दोनच नवे घ्यायचे झाले तर जुन्याच जातीचे घ्यावेत आणि नवे मागे टाकावेत, म्हणजे ओल्यात गाडीचं शेपूट सुटत नाही. फोर बाय फोर असेल तर चारही टायर सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर सगळा ताण आतल्या गिअरांवर येतो.

शेवटी दाजींनी पाच एच/टी घेतले आणि दादानं पाच ए/टी. पाचवा कशाला, असं दुकानातला मुलगा विचारत होता. दादाच्या वाटेवर स्टेपनी लागते ती ओढ्याच्या अलीकडे, संध्याकाळी, पावसात. तिथे डिकीतून जुना गुळगुळीत एच/टी निघाला तर उरलेले दीड किलोमीटर चालतच जावे लागतात.