पार्श्वभूमी : यादवीतली बॅप्टिस्ट चर्च आणि त्यांची मालकी

गुलामांचा मालक मिशनरी होऊ शकतो का, या वादावरून अमेरिकेतले बॅप्टिस्ट (प्रौढपणी बाप्तिस्मा देणारा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ) १८४५मध्येच उत्तर-दक्षिण असे फुटले होते. पुढे गुलामगिरीवरून दक्षिणेतली राज्ये देशातून फुटली, यादवी युद्ध पेटले आणि १८६१च्या मे महिन्यात दक्षिणेच्या बॅप्टिस्ट संघटनेने या फुटीर राज्यांना उघड पाठिंबा दिला.

घराघरांत युद्ध पोचले ते टंचाईतून. उत्तरेच्या नाकेबंदीमुळे दक्षिणेत मीठ मिळेना, मग मांस खारवायचे कसे? कॉफीऐवजी राय नावाचे धान्य भाजून उकळू लागले. कागदाअभावी धार्मिक साप्ताहिके आक्रसली, चीनमधल्या मिशनऱ्यांना पैसे पोचेनात. चर्चची इस्पितळे झाली. २ एप्रिल १८६३ रोजी फुटीर राज्यांची राजधानी रिचमंडमध्ये बायका पावासाठी रस्त्यावर उतरल्या. त्यांची आदल्या दिवशीची बैठक बॅप्टिस्ट चर्चमध्येच भरली होती.

सर्वाधिक कटुता उरली ती जानेवारी १८६४च्या आदेशाने. जिंकलेल्या मुलखात दक्षिणी बॅप्टिस्टांच्या ज्या चर्चमध्ये उत्तरेच्या सरकारशी एकनिष्ठ पाळक (धर्मगुरू) नाही, ती उत्तरेच्या मिशन संस्थेकडे सोपवावीत, असे उत्तरेच्या युद्धखात्याने फर्मावले. बॅप्टिस्टांत बिशप नसतो; इमारत त्या त्या मंडळीची (स्थानिक चर्चच्या सभासदांची) असते, कोणत्याही मध्यवर्ती संघटनेची नव्हे. लष्कराने मात्र ती परस्पर एका संस्थेच्या हवाली केली. अठराव्या शतकात व्हर्जिनियात परवान्याविना उपदेश केला म्हणून याच पंथाचे प्रचारक तुरुंगात गेले होते, आणि सरकारने धर्मात हात घालू नये हा आग्रह त्यांनी तेव्हापासून धरला होता. मुक्त झालेल्या गुलामांसाठी उपासनेला आणि शाळांना जागा हवी होती, ही उत्तरेची गरज खरीच. तरीही लष्कराच्या हुकमाने मिळालेले व्यासपीठ बॅप्टिस्टांनी तरी घ्यायला नको होते.

मालकीचा प्रश्न गुलामांच्या बाबतीत त्याहून जुना आणि जास्त अन्यायाचा. दक्षिणेतल्या कित्येक मंडळ्यांत ते सभासद होते, पण बसायचे मागे किंवा वरच्या सज्जात. रिचमंडच्या मोठ्या कृष्णवर्णीय मंडळीला कायद्यामुळे गोराच पाळक ठेवावा लागे आणि इमारतीचे कागद गोऱ्या विश्वस्तांच्या नावे असत. तिथे पहिला कृष्णवर्णीय पाळक १८६७मध्ये आला. युद्धानंतर दक्षिणेत ठिकठिकाणी कृष्णवर्णीय सभासदांनी गोऱ्यांच्या मंडळ्या सोडल्या, स्वतःची चर्च आणि शाळा उभारल्या. १८९५मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. गुलामगिरीतल्या आपल्या सहभागाबद्दल दक्षिणेच्या संघटनेने माफीचा ठराव केला तो १९९५मध्ये, फुटीला दीडशे वर्षे झाल्यावर.