पडताळणी, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन: जीवशास्त्राच्या पेपरतपासणीची पार्श्वभूमी

दहावी-बारावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात तीन शब्द एकमेकांत मिसळून वापरले जातात: गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन. चौथा शब्द ‘रिचेकिंग’. पालकांच्या तोंडी तोच असतो आणि त्याचा अर्थ विचारला तर दहा जण दहा अर्थ सांगतात. हा गोंधळ पालकांच्या अडाणीपणातून आलेला नाही. हे शब्द वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या वादांतून आले आहेत. जीवशास्त्राच्या पेपरला त्यांची झळ सगळ्यात जास्त बसते, कारण या विषयाचं उत्तर आकड्यात नसतं, वाक्यात आणि आकृतीत असतं.

परीक्षकागणिक गुण बदलतात, हे शंभर वर्षांपूर्वीच माहीत झालं होतं. १९१३ साली अमेरिकेत भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे पाठवली गेली. तिला तिसाच्या आतपासून नव्वदीच्या वरपर्यंत गुण पडले. भूमितीची ही गत, तर ‘शास्त्रीय कारणे लिहा’ची काय असेल! आपल्याकडे १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने निबंधवजा उत्तरांच्या तपासणीत परीक्षकाची मर्जी फार चालते असं नोंदवून गुणांऐवजी श्रेण्या द्या, अशी शिफारस केली. गुण राहिलेच. १९७५ ला नव्या (१०+२+३) आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा झाली, पुढे बारावी आली आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाढत गेले.

खरा पेच महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाच्या १९७७ च्या विनियमांत, म्हणजे नियमावलीत आहे. त्यातल्या १०४ क्रमांकाच्या विनियमाने विद्यार्थ्याला गुणपडताळणी मागायची मुभा दिली, पण उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि पुन्हा तपासून मागण्याचा हक्क नाकारला. पडताळणी म्हणजे सगळी उत्तरं तपासली गेली का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढंच. एखादं पान नजरेतून सुटलं, आतले गुण मुखपृष्ठावर यायचे राहिले, तर दुरुस्ती होणार. पण तीन गुणांच्या उत्तराला एकच गुण का दिला, हा प्रश्न तिथे विचारताच येत नव्हता. विद्यार्थी न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची बाजू मानली, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून विनियम वैध ठरवला. परीक्षकांवर त्यांची तपासणी पाहणारे नियामक, त्यांच्यावर मुख्य नियामक अशी उतरंड आहे, ती पुरेशी मानायला हवी. प्रत्येकाला उत्तरपत्रिका दाखवायची आणि पुन्हा तपासायची ठरवलं तर निकालाला अंतच राहणार नाही, अशी न्यायालयाची साधारण भूमिका होती. लाखो विद्यार्थ्यांचे प्रवेश खोळंबतील ही भीती खोटी नव्हती. पण या निकालामुळे पुढची सत्तावीस वर्षं ‘न्याय्य तपासणी’ याचा व्यवहारातला अर्थ ‘बिनचूक बेरीज’ एवढाच उरला, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी परीक्षक म्हणून बसलो तो याच काळात, नव्वदच्या दशकात. तेव्हाची एक गोष्ट आजही तशीच आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. प्रश्न असा: भरपूर व्यायाम केल्यावर आपण दमतो. शास्त्रीय कारण लिहा. गुण २. नमुना उत्तरात अपेक्षित मुद्दे असे असतात: स्नायूंना ऑक्सिजन कमी पडतो, विनॉक्सीश्वसन होतं, त्यातून ऊर्जा कमी मिळते, लॅक्टिक आम्ल साठतं. आता खेड्यातली एक मुलगी लिहिते, ‘खूप पळाल्यावर श्वास पुरत नाही, म्हणून स्नायू ऑक्सिजन नसतानाच काम करतात, ताकद कमी मिळते आणि आत आम्ल साठून पाय भरून येतात.’ विनॉक्सीश्वसन हा शब्द नाही, लॅक्टिकही नाही. प्रक्रिया मात्र तिला पुरती कळली आहे. एक परीक्षक दोन गुण देतो, दुसरा दीड, तिसरा लाल पेनाने ‘मुद्दा?’ असं लिहून एक. तिघेही प्रामाणिक आहेत. दुसऱ्या उत्तरपत्रिकेत पुस्तकातलं वाक्य शब्दशः आहे, पण ‘विनॉक्सी’च्या जागी ‘ऑक्सिश्वसन’ पडलंय. घाईत? की कळलंच नाही? इथेही गुण हलतात.

आणखी एक अडचण आहे. लॅक्टिक आम्लामुळेच स्नायू थकतात, हे पाठ्यपुस्तकातलं कारण गेल्या काही दशकांतल्या संशोधनात डळमळीत झालं आहे. एखाद्या वाचणाऱ्या पोराने तसं लिहिलं, तर नमुना उत्तराप्रमाणे त्याचे गुण जातात. परीक्षकाला ते पटलं तरी एकट्याने गुण देऊन चालत नाही, कारण मग शेजारच्या टेबलावरच्या गठ्ठ्यातल्या पोरावर अन्याय होतो.

म्हणून माझ्या मते सगळा न्याय ठरतो तो तपासणीआधीच्या परीक्षकांच्या सभेत. ‘मुद्दा’ कशाला म्हणायचं, पर्यायी शब्द कोणते चालतील, अर्धा गुण कुठे तुटेल, आकृतीत नावं बरोबर पण रेघ भलत्याच भागाला टेकलेली असेल तर काय करायचं, हे तिथे ठरतं. सभा नीट झाली तर नमुना उत्तराच्या समासात हाताने लिहिलेल्या पाच-सहा ओळींची भर पडते. त्या ओळी सगळ्या परीक्षकांपर्यंत पोचल्या की नियामकाने नमुन्यादाखल काढलेल्या उत्तरपत्रिकांत फरक कमी दिसतो. सभा घाईत उरकली की प्रत्येक जण आपापल्या वर्गातली सवय घेऊन तपासायला बसतो. मराठी माध्यमात यात परिभाषेची भर पडते. पुस्तक बदललं की शब्द बदलतात. ‘अर्धसूत्री विभाजन’ (मिओसिस, पेशीविभाजनाचा एक प्रकार) शिकलेल्या शिक्षकाच्या हाताखालचा विद्यार्थी ‘अर्धगुणसूत्री’च्या जागी जुनाच शब्द लिहितो, आणि त्याचा गुण कापायचा की नाही, हे नेमकं कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

ओळख लपवण्याची व्यवस्था तेवढी खूप सुधारली. बारकोड आला, बैठक क्रमांकावर होलोक्राफ्ट स्टिकर आला. गाव, शाळा, ओळखीचं अक्षर यांवरून होणारी कुजबुज त्याने बरीच थांबली. पण उत्तर कुणाचं आहे हे झाकल्याने त्या उत्तराला किती गुण, हा प्रश्न सुटत नाही.

कोंडी फुटली ती माहितीच्या अधिकारामुळे. २०११ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ असल्याचं मान्य केलं, ती पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क मान्य केला आणि परीक्षकाचं नाव गुप्त ठेवायला सांगितलं. १९८४ चा निकाल त्याने पुसला गेला नाही. पाहण्याचा हक्क मिळाला, पुन्हा तपासून घेण्याचा मात्र परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नियमांवरच सोडला गेला. पाहण्यासाठी छायाप्रत आणि पुन्हा तपासून घेण्यासाठी पुनर्मूल्यांकन, हे दोन शब्द वेगळे का, याचं उत्तर इथे आहे. आज आपल्या राज्यात आधी छायाप्रत घ्यावी लागते, मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो, आणि प्रत्येक पायरीला वेगळं शुल्क आहे. पालक मात्र अजूनही पहिल्या, स्वस्तातल्या पडताळणीचा अर्ज भरतात आणि ‘पेपर पुन्हा तपासला, काहीच बदललं नाही’ म्हणून परततात. त्यांचा पेपर पुन्हा तपासलेलाच नसतो. ही फसगत मी दरवर्षी पाहतो.

प्रश्नपत्रिकांनीही दरम्यान वाद टाळायची वाट धरली. सध्याच्या आराखड्यात बारावीच्या जीवशास्त्राच्या ७० गुणांपैकी १८ बहुपर्यायी आणि एका गुणाच्या प्रश्नांना आहेत, आणि चार गुणांची दीर्घ उत्तरं अवघ्या १२ गुणांची. दहावीत जीवशास्त्र ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’च्या ४० गुणांत सामावलंय, त्यातही १० गुण पहिल्याच प्रश्नाचे. याने परीक्षकांतला फरक घटतो यात शंका नाही. विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत लिहितो ती जागाही तेवढीच घटते, आणि मला हा सौदा महाग वाटतो.

उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा उपाय वारंवार सुचवला जातो. २०१७ मध्ये मुंबईत विद्यापीठ पातळीवर ही तपासणी एका दमात लागू झाली आणि निकाल महिनोन्महिने रखडले. तेव्हापासून शालेय पातळीवर तिचं नाव काढलं की शिक्षक दचकतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांनी प्रलंबित मागण्यांसाठी तपासणीवर बहिष्कार घातला, तेव्हा सभांच्या तारखाही त्यात अडकल्या. बहिष्कार मिटला की गठ्ठे उपसायची घाई सुरू होते, आणि त्या घाईत आधी आखडती होते ती सभाच. पाय भरून येतात असं लिहिणाऱ्या त्या मुलीला एक गुण की दोन, हे ठरवणारी समासातली ओळ मग लिहायचीच राहून जाते.