सर्वांत मोठा कणत्वरक जिनिव्हाजवळच का?

आज जगातला सर्वांत मोठा कणत्वरक (सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र), लार्ज हेड्रॉन कोलायडर किंवा एलएचसी, जिनिव्हाजवळ फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर जमिनीखाली आहे. पण या यंत्रांची पहिली मोठी परंपरा अमेरिकेची. 1931 साली अर्नेस्ट लॉरेन्स यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत चालवलेलं सायक्लोट्रॉन हे सुरुवातीचं कणत्वरक यंत्र तळहातावर मावेल एवढं होतं. पुढे त्याच गावातल्या बेव्हाट्रॉन या मोठ्या कणत्वरकावर 1955 मध्ये प्रतिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचा विरुद्ध भाराचा जोडीदार कण, सापडला. प्रोटॉनची ऊर्जा जितकी जास्त, तितका तो वळवणं अवघड, म्हणून तो ज्यात फिरतो ते कडं मोठं हवं आणि चुंबक ताकदीचे हवेत. प्रयोगशाळेच्या खोलीतलं यंत्र असं किलोमीटरांत मोजायची वेळ आली.

युद्धाने पोळलेल्या युरोपातल्या एकाही देशाला हा खर्च एकट्याने झेपणारा नव्हता. बारा देश एकत्र आले आणि 1954 मध्ये सर्न ही युरोपची सामायिक अणुसंशोधन संस्था स्थापन झाली. त्याआधी, जून 1953 मध्ये, जिनिव्हा कँटनने (स्वित्झर्लंडमधल्या एका राज्याने) या प्रयोगशाळेला जागा द्यावी का यावर थेट लोकांचं मत घेतलं. दोन तृतीयांशांहून अधिक मतं बाजूने पडली. मूलभूत विज्ञानासाठी सामान्य मतदाराने असा कौल द्यावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तरीही पुढची अनेक वर्षं अमेरिकेचा दबदबा होता. शिकागोजवळच्या फर्मिलॅबमधलं 6.3 किलोमीटरचं टेव्हाट्रॉन 2011 पर्यंत चाललं. टॉप क्वार्क हा मूलभूत कण तिथेच 1995 मध्ये सापडला. खरा घाव बसला तो टेक्सासात. वॉक्साहॅची गावाभोवती 87 किलोमीटरचं सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर उभं राहणार होतं, आजच्या एलएचसीच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जेचं. बोगद्याचं वीसहून अधिक किलोमीटर खोदकाम झालं, सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाले. पण अंदाजपत्रक फुगतच गेलं आणि ऑक्टोबर 1993 मध्ये अमेरिकी काँग्रेसने प्रकल्प गुंडाळला. या निर्णयाने तिथल्या संशोधकांची एक अख्खी पिढी उघड्यावर पडली.

सर्नकडे मात्र बोगदा तयार होता. लेप या इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवणाऱ्या आधीच्या यंत्रासाठी तो 1988 पर्यंत खोदून झाला होता. जुरा पर्वताखालचा चुनखडक पाझरतो म्हणून शक्य तितका भाग तिथल्या मऊ वाळूखडकात ठेवला, आणि त्यासाठी अख्खं कडं किंचित तिरकं केलं. डिसेंबर 1994 मध्ये त्याच बोगद्यात एलएचसी बसवायला मंजुरी मिळाली. 10 सप्टेंबर 2008 ला पहिला झोत फिरला आणि 4 जुलै 2012 ला हिग्ज बोसॉन, म्हणजे मूलभूत कणांच्या वस्तुमानाशी जोडलेला कण, सापडल्याची घोषणा झाली.

या कड्यातले झोत वळवणारे 1232 मुख्य द्विध्रुवी चुंबक प्रत्येकी सुमारे 35 टनांचे आहेत, आणि ते ज्या जॅकवर अचूक टेकवले आहेत ते भारताने पुरवले. त्या कामात इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा मोठा वाटा होता. 2017 पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे.