लेन्सवरचा फिल्टर वेगळा, निगेटिव्हवरचा वेगळा

"फोटो काढताना लाल फिल्टर राहून गेला. हरकत नाही, स्कॅनमध्ये लाल चॅनल घेऊ, आकाश गडद होईल." रंगीत निगेटिव्ह रोल ब्लॅक अँड व्हाइट रसायनांत धुणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य सतत येतं. आकाश गडद होणार नाही. स्कॅनरने वेगळे केलेल्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांपैकी कुठलाही चॅनल घ्या, ढग आणि आकाश यांच्यातला फरक जेवढा निगेटिव्हवर उमटला आहे तेवढाच राहील.

लेन्सवरचा फिल्टर प्रकाश अडवतो, म्हणून एक्सपोजर किती वाढवायचं याचं गणित सगळ्यांना माहीत असतं: पिवळ्या ८ नंबरला एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश), नारिंगीला साधारण दोन, लाल २५ला तीन. रंगीत फिल्मवरही साधारण तेच. गोंधळ होतो तो पुढे.

रंगीत फिल्ममध्ये निळा, हिरवा आणि लाल प्रकाश टिपणारे थर एकावर एक असतात. निळ्याचा वर, लालचा तळाशी. सी-४१मध्ये, म्हणजे रंगीत निगेटिव्हच्या नेहमीच्या रसायनांत, धुतल्यावर प्रत्येक थरात वेगळा रंग तयार होतो. लाल प्रकाश टिपणाऱ्या थरात निळसर-हिरवा सायन, हिरव्याच्या थरात मजेंटा, निळ्याच्या थरात पिवळा. प्रतिमेची काळी चांदी पुढे ब्लीच आणि फिक्सर या रसायनांमध्ये निघून जाते. अशा निगेटिव्हमधून लाल प्रकाश सोडला की तो मुख्यतः सायनलाच अडतो, म्हणजे लाल थराचीच प्रतिमा वाचतो. म्हणून तिथे लाल चॅनल खरोखर लेन्सवरच्या लाल फिल्टरसारखा वागतो. एन्लार्जरमध्ये (निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रिंट काढायच्या यंत्रात) फिल्टर लावून आकाश गडद करण्याचा जुना सल्लाही अशाच निगेटिव्हसाठी होता, आणि तोसुद्धा कोडॅकच्या पॅनाल्यूरसारख्या, सर्व रंगांना संवेदनशील असलेल्या कागदावर. तो कागद आता बनत नाही. सल्ला मात्र अर्धवट फिरत राहिला.

डी-७६ किंवा एचसी-११० या ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपरमध्ये रंग तयारच होत नाही. रंग बनवणारे कपलर फिल्ममध्ये असतात, पण त्यांना जागं करणारं रसायन या डेव्हलपरमध्ये नसतं. तिन्ही थरांत उरते ती फक्त काळी चांदी, आणि चांदीला सगळे रंग सारखे. फुललेला गुलमोहर घ्या. लाल फुलं तळच्या थरात नोंदली गेली, हिरवी पानं मधल्या थरात. थर वेगळे असले तरी दोन्हीकडची चांदी सारखीच दाट असेल, तर फुलं-पानं एकाच राखाडीत मिसळून जातात. आरपार जाणाऱ्या प्रकाशाला हा काळेपणा कुठल्या थरातला हे कळायला मार्ग नाही. फुलं उजळ आणि पानं गडद हवी असतील तर फिल्टर शटर दाबण्याआधीच हवा.

मग निगेटिव्हपाशी लावलेल्या फिल्टरचं काम काय? फक्त नारिंगी बेसशी, म्हणजे फिल्मच्या रिकाम्या भागातही दिसणाऱ्या रंगाशी, जुळवून घेणं. हा नारिंगीपणा रंगीत कपलरांचा असतो. ब्लॅक अँड व्हाइट धुण्यात ते वापरले जात नाहीत, म्हणून तो सगळीकडे सारखा पसरून राहतो. त्यात अनेक फिल्ममधल्या पिवळ्या फिल्टर-थराची आणि परावर्तन रोखणाऱ्या थराची कलिल (अतिसूक्ष्म कणांची) चांदी भर घालते. ती नेहमी ब्लीचमध्ये जाते. इथे ब्लीच नाही, म्हणून बेस मळकट तपकिरी दिसतो. तो निघावा म्हणून फिक्सरमध्ये रोल अर्धा तास ठेवू नका. फिक्सर धातुरूप चांदी काढण्यासाठी नसतोच, आणि ब्लीच केलं तर प्रतिमाही जाईल.

प्रिंट करताना हा बेस निळा प्रकाश अडवतो. मल्टिग्रेड कागदाला (ज्याचा कॉन्ट्रास्ट फिल्टरने बदलतो) निळ्यातून कॉन्ट्रास्ट मिळतो, म्हणून प्रिंट मऊ पडते आणि एक्सपोजर फार लांबतं. थेट ४ किंवा ५ नंबरच्या मल्टिग्रेड फिल्टरपासून सुरुवात करा. त्याहून चांगला उपाय म्हणजे ठरावीक ग्रेडचा कागद, ३ किंवा ४. तो निळ्यालाच संवेदनशील असल्याने वेळ वाढतो, पण कॉन्ट्रास्ट ढासळत नाही. स्कॅन करताना लाल चॅनलच घ्या, कारण नारिंगीतून लाल सर्वांत स्वच्छ येतो. निळ्यात नुसता नॉइज. आकाशाशी याचा काही संबंध नाही. इन्फ्रारेड धूळ-सफाई बंद ठेवा, चांदी इन्फ्रारेड अडवते आणि प्रतिमेचीच धूळ समजून पुसापुशी होते.

लेन्सवर कुठला फिल्टर? पिवळा किंवा नारिंगी. गडद लाल टाळाच. साध्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये एकच इमल्शन (प्रकाश टिपणारा लेप) सगळे रंग टिपतं. इथे लाल फिल्टरमागे जवळजवळ एकटा तळचा थर काम करतो. तीन थरांऐवजी एकाच थराची घनता उरते, निगेटिव्ह पातळ आणि निस्तेज होते, शिवाय वरच्या थरांतून विखुरत आलेल्या प्रकाशामुळे कडाही मऊ पडतात. लावायचाच असेल तर तीनऐवजी चार स्टॉप द्या.

४०० आयएसओचा रोल २०० धरून काढा. एचसी-११० डायल्युशन बी, म्हणजे १+३१, २० अंशांना साडेसहा मिनिटांपासून सुरुवात. आधी एक तुकडा धुऊन पाहा. जुन्या रोलला धुकं (सगळीकडे पसरलेला राखाडीपणा) जास्त असतं, ते दाबण्यासाठी डेव्हलपरच्या लिटरमागे बेन्झोट्रायझोलचं एक टक्का द्रावण १० मिलि. इलफर्डच्या एक्सपी-२ फिल्मशी याची गल्लत नको, तो उलटा प्रकार आहे: ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, पण सी-४१मध्ये धुण्याची.

फिल्टर राहूनच गेला असेल तर एक वाट उरते. कपलर फिल्ममध्ये शाबूत असतात, म्हणून फेरीसायनाइड-ब्रोमाइड ब्लीचने चांदीचं पुन्हा हॅलाइड (डेव्हलपर ज्याची चांदी करतो तो क्षार) करून सी-४१ डेव्हलपरमध्ये धुता येतं, मग नेहमीचं ब्लीच-फिक्स. रंग हलतात, पण थर पुन्हा वेगळे वाचता येतात. कोडॅकच्या जुन्या कोडाक्रोम स्लाइड फिल्मला हीसुद्धा वाट नाही. त्याचे रोल अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या पार्सन्सच्या शेवटच्या लॅबने २०१०च्या अखेरीस घेणं बंद केलं, म्हणून उरलेले आता ब्लॅक अँड व्हाइटमध्येच धुतले जातात. आणि कोडाक्रोममध्ये कपलर मुळातच नसतात, ते डेव्हलपरमधून यायचे.