रुग्णनोंद, संगणकीय (गोवा)

रुग्णाची ओळख, तक्रारी, तपासण्या, निदान, दिलेली औषधे, शस्त्रक्रिया आणि नंतरचा पाठपुरावा यांची संगणकावर ठेवलेली, एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात नेता येईल अशी सलग नोंद. केसपेपर स्कॅन करून ठेवला म्हणजे संगणकीय रुग्णनोंद झाली, असे नव्हे. स्कॅनमधला रक्तशर्करेचा आकडा माणसाला वाचता येतो. पण मागच्या पाच वर्षांच्या आकड्यांशी त्याची आपोआप तुलना होत नाही, की औषधाच्या ॲलर्जीचा इशारा मिळत नाही. त्यासाठी प्रत्येक बाब ठरलेल्या रकान्यात आणि ठरलेल्या संकेतात असावी लागते.

उगम : या पद्धतीचा मान कोणाला द्यावा याविषयी एकमत नाही. लॉरेन्स वीड या अमेरिकन वैद्याने १९६८ मध्ये समस्याकेंद्री रुग्णनोंदीची मांडणी प्रसिद्ध केली. निरीक्षणे तारीखवार एकाखाली एक न लिहिता रुग्णाच्या प्रत्येक समस्येखाली लिहावीत, हे तिचे सूत्र. काही अभ्यासक मात्र आरंभ सॉल्ट लेक सिटीत १९६७ च्या सुमारास सुरू झालेल्या होमर वॉर्नर यांच्या ‘हेल्प’ प्रणालीपाशी मानतात. बॉस्टनमधील ऑक्टो बार्नेट यांच्या कामाचाही दावा केला जातो. इंडियानापोलिस येथील रीगनस्ट्रीफ संस्थेची प्रणाली १९७२ ची, म्हणजे थोडी नंतरची. पण ती दीर्घकाळ वापरात राहिली. यंत्र आधी कोणी चालवले एवढाच प्रश्न असेल तर वॉर्नर यांचे पारडे जड ठरते. नोंदीच्या रचनेचा विचार केला तर वीड यांना अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण समस्यांची यादी आजच्या बहुतेक प्रणालींत टिकून आहे.

भारतातील चौकट : केंद्र सरकारने संगणकीय आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली व २०१६ मध्ये सुधारली. त्यांनुसार नोंदीतील माहिती रुग्णाच्या मालकीची असते. इस्पितळ ती विश्वस्ताच्या नात्याने सांभाळते. राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाचा प्रायोगिक टप्पा १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाला. २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने ते देशभर लागू झाले. त्यातील ‘आभा’ हा रुग्णाचा ओळखक्रमांक चौदा अंकी व ऐच्छिक आहे. या रचनेत सगळ्यांच्या नोंदी दिल्लीत एकत्र साठवल्या जात नाहीत. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते. रुग्णाने मोबाइलवर संमती दिली की ठरावीक मुदतीपुरती ती दुसऱ्या डॉक्टरला दिसते.

गोव्यातील पूर्वपीठिका : जुन्या गोव्यातील राजेशाही इस्पितळाची स्थापना सर्वसाधारणपणे आफोंसो द आल्बुकेर्क याच्या १५१० मधील विजयानंतर लगेचची मानतात. वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ काही जण १८०१ च्या वर्गापर्यंत मागे नेतात. रीतसर वैद्यकशाळा १८४२ मध्ये स्थापन झाली व हेच साल सामान्यतः ग्राह्य धरले जाते. १९६३ मध्ये तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) झाले. ते आता बांबोळीला आहे. १९६१ पर्यंत राज्यकारभार पोर्तुगीजमध्ये चालत होता. जन्म-विवाहाच्या दाखल्यांतील आडनावे त्या भाषेच्या वळणाने रोमी लिपीत लिहिली गेली आणि अनेक कुटुंबांत तीच वर्णलेखने आजही चालू आहेत.

नावे जुळवण्याचा प्रश्न : गोव्यातील रुग्णनोंदींची खरी अडचण येथे आहे. संगणक महाग पडतो किंवा वीज जाते यापेक्षा ती कितीतरी अवघड आहे. एकच व्यक्ती वाळपईला एका नावाने आणि बांबोळीला दुसऱ्या वर्णलेखनाने नोंदली गेली, तर तिच्या दोन नोंदी तयार होतात व ॲलर्जीची सूचना भलत्याच नोंदीत राहते. उच्चारसाम्यावरून नावे जुळवण्याची ‘साउंडेक्स’ ही जुनी रीत (पेटंट १९१८, रॉबर्ट रसेल) गोव्याच्या आडनावांना लावून पाहिली, तर तिचे बळ आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट दिसतात. या रीतीत रोमी लिपीतील नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवतात, पुढचे स्वर वगळतात व सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक देतात. ‘प्रभू’ आणि ‘पोरोबो’ यांचा संकेत एकच, पी-६१०, येतो. ‘नाईक’ आणि त्याचे ‘क्यू’ घातलेले पोर्तुगीज रूप ही दोन्ही एन-२०० वर येतात. गावकर ‘के’ने लिहा वा ‘सी’ने, जी-५२६ च मिळतो. पण ‘कामत’ के-५३०, तर त्याच घराण्याचे ‘कामोतीं’ सी-५३५. ‘काकोडकर’ ‘के’ने सुरू केले तर के-२३२, ‘सी’ने केले तर सी-२३२, फरक एका अक्षराचा, पण यंत्राच्या लेखी माणसे दोन. ‘शेट’ जुन्या वळणाने ‘एक्स’ने लिहिले तरी हेच होते. म्हणून येथील प्रणालीत पहिले अक्षर वेगळे असूनही जुळणी तपासणारे नियम घालणे अत्यावश्यक आहे.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. सासष्टी तालुक्यात फर्नांडिस किंवा रॉड्रिग्स या आडनावाखाली तेच बाप्तिस्म्याचे नाव असलेल्या अनेक व्यक्ती सापडतात. तिथे यंत्राने घाईने जुळणी केली तर दोघांच्या नोंदी एक होतील. नाव-आडनाव बदलण्यासाठी गोव्यात १९९० पासून स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे मूळ नाव नोंदीत जपून ठेवणेही गरजेचे ठरते. बिनचूक जन्मतारीख हा इथला मोठा आधार, कारण नागरी नोंदणीची सवय पोर्तुगीज काळापासूनची आहे. नोंदणीच्या खिडकीवर गर्दीच्या वेळी वय अंदाजे विचारून १ जानेवारी अशी तारीख टाकली, की तो आधारही जातो.

वापर : २०१६ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन किंवा कमी सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे विमासंरक्षण मिळते. तिचे कार्ड कुटुंबाचे आहे आणि माहिती विमादाव्यांच्या स्वरूपाची आहे. कोणत्या उपचाराचे पैसे दिले हे त्यातून कळते, रुग्णाला पुढे कसे वाटले हे कळत नाही.

वैद्यकीय उपयोगाचे चांगले उदाहरण म्हणजे हृदयविकारासाठीचा ‘स्टेमी गोवा’ प्रकल्प (साधारणतः २०१८-१९ पासून). तालुक्याच्या केंद्रात ईसीजी काढून तो लगेच तज्ज्ञांकडे पाठवतात. निदान पक्के होताच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देतात व मग रुग्णाला गोमेकॉत हलवतात. काणकोणहून बांबोळीला पोचण्यात जाणारा वेळ अशाने उपचाराविना वाया जात नाही. पाठवलेली नोंद इथे एक कागद आणि थोडे आकडे एवढीच असते, तरी तिने जीव वाचतो.

सिंधुदुर्गातील दोडामार्ग, सावंतवाडी व कारवारकडील रुग्ण पूर्वापार बांबोळीला येतात. २०१८ मध्ये परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्गात मोठे आंदोलन झाले. शुल्काची चर्चा पुष्कळ झाली; या रुग्णांचे डिस्चार्ज कार्ड गावच्या डॉक्टरला वाचता येईल अशा रूपात परत जाते का, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न त्या मानाने मागे पडला.

कायदा : वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या (इस्पितळात दाखल झालेल्यांच्या) नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात; रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. २०१६ ची मानके मात्र नोंद रुग्णाच्या हयातीपर्यंत राखण्याची अपेक्षा ठेवतात. खाजगी माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले.